अंगणातल्या तळ्यातले मासे पहाटे पाण्यावर तोंड काढतात: कारण कसं शोधायचं

तक्रार बहुतेक एकच असते. सकाळी दार उघडून बघावं तर सगळे मासे वर गोळा झालेले, तोंडं पाण्याबाहेर, कल्ले भराभर चालू. खाणं टाकलं तरी ढुंकून बघत नाहीत. दहा-अकरा वाजेपर्यंत पुन्हा नीट पोहायला लागतात, म्हणून घरातले विसरून जातात. मग एका सकाळी एखादा मोठा मासा उलटा तरंगताना सापडतो. दुकानातून निळ्या औषधाची बाटली येते, तळ्यात ओतली जाते, आणि आठवड्याभरात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

पार्ल्यातल्या जुन्या बंगल्यांची परसं, मुलुंड-चेंबूरच्या तळमजल्यांच्या बागा, गोराईतल्या वाड्या अशा ठिकाणची बरीच तळी मी या एका तक्रारीसाठी बघितली आहेत. जवळजवळ दर वेळी दोष पाण्यात निघाला, माशांत नव्हे. म्हणून औषधाला हात लावण्याआधी खालच्या क्रमाने जा. सुरुवातीच्या तपासण्यांना एक पैसा लागत नाही आणि बहुतेकांचं काम तिथेच होतं.

लक्षणं वेगळी करून बघा

मासे वर कधी येतात आणि कोणते येतात, यावरूनच निम्मं निदान होतं.

फक्त पहाटे वर येतात आणि ऊन चढल्यावर सावरतात: रात्री पाण्यातला प्राणवायू संपतोय. यात मोठे मासे आधी जातात, पिल्लं आणि गप्पी तग धरतात.

दिवसभर वर असतात, कल्ले लालभडक किंवा तपकिरी दिसतात, लहानमोठे सगळेच मलूल: अमोनिया किंवा नायट्राइट, म्हणजे माशांच्या विष्ठेतून आणि कुजलेल्या खाण्यातून पाण्यात साठणारी विषं.

पाणी भरल्यानंतर तासा-दोन तासांत सैरभैर धावतात, उड्या मारतात, मग वर येतात: नळाच्या पाण्यातलं क्लोरीन.

मोठ्या पावसानंतर एक-दोन दिवसांत त्रास सुरू: सामू, म्हणजे पीएच घसरला, किंवा गच्चीचं आणि मातीचं पाणी तळ्यात उतरलं.

एकच मासा वर, बाकीचे मजेत: हा त्या माशाचा आजार. त्याला वेगळ्या टबात काढा. तळ्याला काही करू नका.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. गुरामी आणि फायटर हवेतून श्वास घेणारे मासे आहेत, ते अधूनमधून वर येऊन घोट घेणारच. तळाला राहणारा सकर म्हणजे प्लेकोही कधी कधी वर झेप घेतो. त्यांच्यावरून घाबरू नका. मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल, एंजल, कोई यांच्याकडे बघा.

तपासण्यांआधी, आत्ताच्या आत्ता

खाणं बंद करा. प्रौढ माशांना तीन-चार दिवस उपास पडला तरी काही होत नाही, उलट पचनाला लागणारा प्राणवायू वाचतो. पंप असेल तर त्याचं तोंड वर करून पाणी उंचावरून पडू द्या. पंप नसेल तर तळ्याचंच पाणी बादलीने उचलून हातभर उंचीवरून पुन्हा तळ्यात ओतत राहा. साधा उपाय आहे, पण याने मासे वाचताना मी पाहिले आहेत. पाव तळं पाणी बदलायचं तर क्लोरीन काढलेलंच पाणी घाला. सगळं तळं रिकामं करून घासून काढायचा मोह आवरा. तळ्याच्या भिंतींवरचा तो बुळबुळीत थर म्हणजेच अमोनिया खाणारे जिवाणू असतात.

पहाटे साडेपाचला टॉर्च घेऊन बघा

पहिली तपासणी ही, आणि ती सहसा कोणी करत नाही. दिवसा वनस्पती आणि शेवाळ प्राणवायू देतात. रात्री तीच झाडं, तेच शेवाळ, मासे आणि तळाचा गाळ असे सगळे मिळून तो वापरतात. म्हणून सूर्य उगवण्याच्या जरा आधी पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. त्यात आपल्याकडचं पाणी गरम. २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात जास्तीत जास्त सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. ५ च्या वर असला तर मासे निवांत, ३ च्या खाली गेला की वर येणार. मे महिन्यात मुंबईत रात्रीही पाणी निवत नाही, तेव्हा सुरुवातच कमी शिलकीने होते.

पहाटे वर आणि दुपारी ठीक असं सलग दोन-तीन दिवस दिसलं, तर पुढची निम्मी यादी तुमच्यासाठी नाहीच. पुढच्या दोन तपासण्या आणि गाळाची काठी, एवढं पुरतं.

पंप रात्री चालू असतो का?

बहुतेक घरांत कारंजं संध्याकाळी पाहुण्यांसाठी लागतं आणि झोपताना बंद होतं. नेमकं उलटं हवं. दिवसा बंद राहिलं तर चालेल, रात्री बंद नको. लहान एअर पंपाचा विजेचा खर्च अगदी किरकोळ असतो. एअर स्टोन, म्हणजे पंपाच्या नळीच्या टोकाचा बुडबुडे सोडणारा दगड, तळाला अगदी गाळात न टेकवता त्याच्या वीतभर वर ठेवा.

पंप चालू असूनही त्रास असेल तर त्याची जाळी काढून बघा. गोगलगायी, आंब्याची पानं, शेवाळाचे धागे यांनी ती बुजलेली असते आणि वरचं पाणी मुतखड्याच्या रोग्यासारखं थेंबथेंब येतं. खोक्यावरचा ताशी लिटरचा आकडा पाणी उंच चढवायचं नसतानाचा असतो. तीन-चार फूट वर चढवलं की तो खूप उतरतो. तळ्यातलं सगळं पाणी दीड-दोन तासांत एकदा तरी पंपातून फिरलं पाहिजे. तळ्याचं माप काढायचं तर लांबी, रुंदी आणि खोली फुटांत गुणा आणि त्याला २८.३ ने गुणा. सहा बाय चार बाय दोन फुटांचं तळं म्हणजे साधारण १,३६० लिटर. हा आकडा घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा, पुढे प्रत्येक मात्रेला लागतो.

पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढायचा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. तळ्याच्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. पाण्यात बोटाला मुंग्या आल्यासारखं वाटलं तर तिथेच थांबा, मेन स्विच बंद करा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियन येईपर्यंत तळ्याजवळ कोणाला जाऊ देऊ नका.

वरचं छप्पर आणि माशांची गर्दी

जलपर्णी आणि डकवीड पंधरा दिवसांत सगळं तळं झाकतात. पाण्याचा पृष्ठभाग झाकला की हवेतला प्राणवायू आत उतरायला जागाच राहत नाही. निम्मा पृष्ठभाग उघडा ठेवा आणि जास्तीची जलपर्णी कंपोस्टच्या खड्ड्यात टाका. नाल्यात, तलावात नको.

पाणी हिरवंगार असेल तर त्यात तरंगतं शेवाळ आहे, आणि रात्री तेच प्राणवायू ओढतं. इथे मला दोन गोष्टी अगदी कळकळीने सांगायच्या आहेत. शेवाळ मारायला मोरचूद, म्हणजे तांब्याचं सल्फेट, टाकू नका. मुंबईचं नळाचं पाणी तानसा, वैतरणा, भातसा अशा तलावांतलं, पावसाचं साठवलेलं आहे. ते मृदू आहे, आणि मृदू पाण्यात तांबं माशांना कितीतरी जास्त विषारी ठरतं. शिवाय मेलेलं शेवाळ कुजताना उरलासुरला प्राणवायूही खातं. दुसरी गोष्ट तुरटी. पिण्याच्या पाण्यात ती फिरवतात म्हणून लोक तळ्यातही फिरवतात. पाणी खरंच स्वच्छ दिसतं, पण तुरटी पाण्यातली क्षारता, म्हणजे सामू सावरून धरायची ताकद, खाते आणि सामू धाडकन खाली येतो. हिरव्या पाण्यावर खरा उपाय म्हणजे सावली वाढवणं आणि खाणं कमी करणं. दुपारच्या उन्हाला आडवी हिरवी शेडनेट बांधली तर पाण्याचं तापमानही आटोक्यात राहतं.

गर्दीबद्दल थोडक्यात. गप्पी आणि मॉली महिन्या-दीड महिन्यात पिल्लं देतात. दहांचे शंभर कधी झाले ते कळत नाही. कोई बोटभर असताना आणतात, पण तो दोन फुटांपर्यंत वाढतो. हजार-दीड हजार लिटरच्या तळ्यात त्याला जागा नाही. जास्तीचे मासे दुकानदाराला किंवा दुसऱ्या तळेवाल्याला द्या. पवई तलावात किंवा विहिरीत सोडू नका. दुकानांतला सकर असाच सोडला जाऊन देशातल्या कितीतरी तलाव-नद्यांत पसरला आहे आणि तिथल्या माशांच्या जिवावर उठला आहे.

पाणी कुठून आणि कसं भरता?

पाइप लावून थेट नळाचं पाणी सोडणं हे अचानक मरतुकीचं सर्वांत नेहमीचं कारण. महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि आपल्यासाठी ते असायलाच हवं. पण कल्ल्यांच्या नाजूक पेशी त्याने जळतात. रोज बादली-दोन बादल्या घातल्या तर फरक पडत नाही, पाव तळं एकदम भरलं तर पडतो. ड्रममध्ये पाणी उघडं ठेवून एअर स्टोन चालवला तर दिवसभरात क्लोरीन उडून जातं. घाई असेल तर मासेवाल्यांकडे हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे मिळतात. हजार लिटरला १० ग्रॅम पुरतात. बादलीत विरघळवून आधी ते घाला, मग नळ सोडा. मात्रा फक्त नव्या पाण्याची नव्हे, सगळ्या तळ्याची धरा.

विहिरीचं, बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर क्लोरीनची चिंता कमी, पण जमिनीखालून आलेल्या पाण्यात प्राणवायू अगदी थोडा असतो. तेही उंचावरून, शॉवरसारखं पाडत भरा. खाडीजवळच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात. जिभेवर थेंब ठेवून बघा. मॉलीला असं पाणी मानवतं, एंजलला नाही.

काठी घालून गाळ बघा

लांब काठी तळाला टेकवून जरा ढवळा. बुडबुडे आले आणि सडक्या अंड्यांचा वास आला तर तळाचा गाळ कुजतोय. अशोकाची आणि आंब्याची पानं, उरलेलं खाणं, आणि घरोघरी सापडणारं निर्माल्य. फुलं वाहायची तर तळ्याबाहेर कुंडीत वाहा. गणपतीचं विसर्जन, मूर्ती शाडूची असली तरी, माशांच्या तळ्यात नको. घरी करायचं तर वेगळा ड्रम घ्या. बारीक माती कल्ल्यांत बसते आणि हार-दूर्वा दोन दिवसांत कुजतात.

गाळ एका दिवसात सगळा काढू नका. तो ढवळला की आत कोंडलेले विषारी वायू एकदम सुटतात. सायफनने एका वेळी तळाचा चौथा भाग, आणि मध्ये आठवड्याची विश्रांती. हे गाळाचं पाणी झाडांना द्या, फार गुणाचं असतं.

पाऊस

जून ते सप्टेंबर हा तळ्याचा परीक्षेचा काळ, आणि मला सर्वांत जास्त निरोपही याच दिवसांत येतात. हिशेब करून बघा. सांताक्रूझला एकट्या जुलै महिन्यात सरासरी ८०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तुमचं तळं दोन फूट, म्हणजे ६०० मिलिमीटर खोल. एका महिन्यात तळ्याच्या पोटात मावतं त्यापेक्षा जास्त पाणी नुसतं आभाळातून पडतं. पावसाच्या पाण्यात क्षारता जवळजवळ नसते. आपलं नळाचं पाणी आधीच मृदू, त्यात ही भर, म्हणजे सामू सावरून धरायला पाण्यात काही उरत नाही. ढगाळ दिवसांत झाडं प्राणवायूही कमी बनवतात. दोन्ही संकटं एकदमच येतात.

म्हणून पहिल्या पावसाआधी बघायचं ते एवढं: पागोळ्या किंवा गच्चीचा पाइप तळ्यात सुटतो का? तळ्याचा काठ भोवतालच्या जमिनीपेक्षा चार-सहा इंच उंच आहे का? जास्तीचं पाणी जायला जाळी लावलेली वाट आहे का? नसेल तर मुसळधार रात्री मासे गटारात जातात. इमारतीचं रंगकाम किंवा वॉटरप्रूफिंग चालू असेल तर तळं ताडपत्रीने झाका.

डासांची धूरफवारणी आणि सोसायटीचं पेस्ट कंट्रोल यांचाही विचार इथेच करा. त्यांत वापरली जाणारी पायरेथ्रॉइड वर्गातली कीटकनाशकं माशांना अतिशय विषारी आहेत. धूर यायच्या आधी तळं झाका आणि एअर पंप तेवढा वेळ बंद ठेवा, कारण तो बाहेरची हवा खेचून थेट पाण्यात सोडतो. तळ्यात गप्पी असतील तर डासांच्या अळ्या ते स्वतःच खातात. महापालिकाही त्यासाठी गप्पी वापरते. तळ्यावर फवारणीची गरज नाही, हे सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी समजावून ठेवा.

आता टेस्ट किट

इथपर्यंत कारण सापडलं नाही तरच पैसे खर्च करा. कुर्ल्याच्या किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या मासेवाल्यांकडे थेंबांचे किट मिळतात. अमोनिया, नायट्राइट, पीएच आणि केएच, म्हणजे क्षारता, हे चार हवेत. पट्ट्यांपेक्षा थेंबांवर माझा जास्त विश्वास आहे.

पीएच सकाळी आणि दुपारी दोनदा मोजा. हिरव्या पाण्यात तो सकाळी ७ आणि दुपारी ९ असाही सापडतो. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण अमोनियाचं विष पीएचवर ठरतं. ३० अंशांच्या पाण्यात पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला शंभरातला एक भागही विषारी रूपात नसतो, ८ ला सात-आठ भाग असतात आणि ९ ला जवळजवळ निम्मा. त्यामुळे किटवर तोच आकडा दिसूनही एका तळ्यात मासे खेळतात आणि शेजारच्या तळ्यात मरतात.

नवं तळं असेल तर अमोनिया आणि नायट्राइट वाढणारच. ते पचवणारे जिवाणू स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर थोडेच मासे, अगदी थोडं खाणं आणि दर दोन-तीन दिवसांनी पाव पाणी बदलणं. नायट्राइट दिसलं तर हजार लिटरला एक किलो खडेमीठ विरघळवून हळूहळू घाला. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला रक्तात शिरू देत नाही. मीठ उडून जात नाही, म्हणून पाणी बदलल्यावर फक्त बदललेल्या भागापुरतंच पुन्हा घालायचं.

केएच ३ च्या खाली असेल तर खायचा सोडा वापरा. हजार लिटरला ३० ग्रॅमने केएच साधारण एकाने वाढतो. दिवसाला एवढाच. पण आधी अमोनिया मोजा. पीएच ६ च्या खाली गेलेल्या तळ्यात जिवाणू जवळजवळ थांबलेले असतात आणि अमोनिया निरुपद्रवी रूपात साठत जातो. तिथे एकदम सोडा टाकून पीएच वर नेला की तो साठा काही तासांत विषारी होतो. आधी पाणी बदलून अमोनिया उतरवा, मग सोडा.

सिमेंटचं नवं तळं ही वेगळी गोष्ट. कोऱ्या सिमेंटमधून चुना पाझरतो आणि पीएच १० च्याही वर जातो. भरा, चार-पाच दिवस ठेवा, रिकामं करा, असं करत राहा. भरलेलं पाणी आठवडाभर ८.५ च्या खाली टिकलं की मगच मासे सोडा. याला काही आठवडे लागतात आणि त्याला पर्याय नाही.

फिल्टर, आणि शेवटी तळं

आकडे पुन्हा पुन्हा बिघडत असतील तर फिल्टर लहान पडतोय. किंवा कोणीतरी तो दर रविवारी नळाखाली धुतोय. क्लोरीनने जिवाणू मरतात आणि सगळं चक्र पहिल्यापासून सुरू होतं. स्पंज तळ्याच्याच पाण्यात पिळायचा, तोही पाण्याचा वेग मंदावल्यावरच. ते निळं औषध, मेथिलिन ब्लू, याच जिवाणूंना मारक आहे, म्हणून तळ्यात कधीच ओतू नका. द्यायचंच तर वेगळ्या टबात, आजारी माशापुरतं.

दीड फुटापेक्षा उथळ आणि दिवसभर उन्हात असलेलं तळं मात्र कोणत्याही फिल्टरने सुधारत नाही. दुपारी ते ३५ अंशांच्या पुढे जातं. अडीच-तीन फूट खोल करा किंवा जागा बदला. हे काम मोठं आहे, म्हणून यादीत सर्वांत शेवटी ठेवलं आहे.

कुठे थांबायचं

विजेचं वर सांगितलंच. दुसरं म्हणजे गळती. तळं इमारतीच्या भिंतीला किंवा खांबाला लागून असेल, किंवा पोडियमच्या स्लॅबवर असेल आणि खाली ओल दिसत असेल, तर बादलीभर वॉटरप्रूफिंग आणून स्वतः फासत बसू नका. तळं उपसा आणि स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा.

तिसरं म्हणजे आजार. पाण्याचे चारही आकडे सलग आठवडाभर ठीक आहेत आणि तरीही मासे मरतात, अंगावर जखमा आहेत, खवले उभे राहिले आहेत किंवा पोट फुगलं आहे, तर ते घरच्या उपायांच्या पलीकडचं आहे. प्रतिजैविकं अंदाजाने टाकू नका. माशांचं काम करणाऱ्या पशुवैद्याकडे जा. वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत जलचरांच्या आरोग्यावर काम करणारा विभाग आहे. नमुना घेतील का, हे आधी फोन करून विचारा. एका तासात तळ्यातले बहुतेक मासे मेले असतील तर विषबाधा समजा आणि उरलेले मासे लगेच स्वच्छ पाण्याच्या टबात हलवा.

दाखवायला नेताना तळ्याचं पाणी स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरा, वर हवा राहू देऊ नका. मासा शक्यतो जिवंत आणि लक्षणं दिसत असलेला न्या. नुकताच मेलेला असेल तर पिशवीत घालून बर्फावर ठेवा, फ्रीझरमध्ये गोठवू नका. रात्री मेलेला आणि सकाळी उन्हात सापडलेला मासा तपासून फारसं काही कळत नाही. सोबत कागदावर लिहून न्या: पाणी शेवटचं कधी बदललं, काय काय टाकलं, पाऊस कधी झाला, फवारणी कधी झाली.